बेव्हल किती द्यायचा ते नंतर, आधी हा काठ कुणी केलाय ते बघ

तुझं रेंडर, म्हणजे थ्रीडीत काढलेलं चित्र, बघितलं. खानापूरकडच्या तुझ्या आजीच्या घरातला सोपा (पुढची बैठकीची खोली), सागवानी दार, दगडी पायरी, भिंतीतलं कपाट, फळीवर स्टीलचे तांबे-पेले, सगळं मापात आहे, टेक्स्चर पण मेहनत घेऊन शोधलीयस, तरी तुझी तक्रार अशी की सगळं बरोबर असून खेळण्यातल्या घरासारखं दिसतंय. मित्र म्हणाला बेव्हल दे, म्हणजे कडा जरा मोडून गोल कर, म्हणून तू ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सगळं सिलेक्ट करून बेव्हल मॉडिफायर (हे काम आपोआप करणारं टूल) टाकलास, तर दारावर काळपट डाग पडले, कपाटाला बेव्हल लागलाच नाही आणि पायरी साबणाच्या वडीसारखी झाली. आता विचारतोयस की नेमका किती मिलिमीटर द्यायचा.

मित्रानं चुकीचं काही सांगितलेलं नाही. पण "किती" हा दुसरा प्रश्न झाला, पहिला राहिलाच की.

आधी हे कळू दे की बेव्हल नसला की डोळ्याला खटकतं ते का. आत्ता बसलायस त्या टेबलाच्या काठाकडे बघ, ट्यूबलाइट किंवा खिडकी समोर येईल असं डोकं जरा इकडं-तिकडं हलव, काठावर केसाएवढी एक उजेडाची रेघ सरकताना दिसेल. ती रेघ कुठून येते? चकाकी दिसायला पृष्ठभागाचा नॉर्मल, म्हणजे तो ज्या दिशेला तोंड करून आहे ती दिशा, उजेड आणि डोळा यांच्या बरोब्बर मधोमध असावी लागते. टेबलाचा वरचा भाग आभाळाकडे तोंड करून आहे, पुढचा भाग तुझ्याकडे, दोन्हीपैकी एकही त्या नेमक्या दिशेला नसेल तर दोन्ही गप्प. पण मधला जो गोल काठ आहे ना, भले अर्धा मिलिमीटर असेल, त्यात वरपासून पुढपर्यंतच्या सगळ्या दिशा भरलेल्या असतात, नव्वद अंशातली प्रत्येक दिशा, त्यामुळं कुठला ना कुठला पट्टा उजेड पकडतोच. कॉम्प्युटरमधल्या तुझ्या घनाला हा मधला भागच नाही, एका फेसवरून, म्हणजे सपाट बाजूवरून, थेट दुसऱ्या फेसवर उडी, पकडायला जागाच नाही. डोळा जन्मभर ती रेघ बघत आलेला असतो, ती नसली की काय नाही ते सांगता येत नाही पण "कायतरी खोटं आहे" एवढं कळतं.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण मी पण तुझ्यासारखंच केलेलं. मी आधी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपला ड्रॉइंगवर होतो, नंतर थ्रीडीकडं वळलो, आता पंप, हायड्रॉलिक सिलिंडर, असल्या पार्टचे कॅटलॉग रेंडर आणि मधून मधून घरांचं इंटिरिअर करतो. सुरुवातीला एका फाउंड्रीवाल्यांना पंपाच्या बॉडीचं रेंडर करून दिलं, पहिल्यांदा बेव्हलच दिला नव्हता, त्यांनी बघून नुसतं "पुठ्ठ्याचा डबा" म्हटलं. मी घरी जाऊन सगळ्या एजला, म्हणजे कडांना, तीन-तीन मिलिमीटर देऊन टाकले, एकदम गुळगुळीत, मला तर लई आवडलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडचे एक म्हातारे पॅटर्नमेकर, म्हणजे साच्यासाठी नमुना बनवणारे, होते त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि फ्लँजवर, म्हणजे जोडायच्या चपट्या कडेवर, बोट ठेवून म्हणाले, "हे तोंड मशीनिंग केलेलं आहे ना रे? मग हे गोल कसं? आणि हा आतला कोपरा एवढा चोख कसा राहिला, वाळू काय सिमेंटची हाय काय?"

त्या एका वाक्यात सगळं आलं बघ. ओतकामाचा साचा वाळूचा. कास्टिंगचा जो आतला कोपरा असतो तिथं साच्यात वाळूची टोकदार कड येते, ती टिकत नाही, ढासळते, शिवाय धातू थंड होताना चोख आतल्या कोपऱ्यात ताण साठून तडा जातो, म्हणून पॅटर्नमेकर आतल्या कोपऱ्यात मेण नाहीतर पुट्टी भरून अंगठ्यानं गोल करून घेतो. म्हणजे कास्टिंगचे आतले कोपरे बाहेरच्यापेक्षा पण जास्त गोल. पण फ्लँजचं तोंड नंतर लेथवर किंवा मिलिंगला फेस केलेलं, तिथं गोलाई कापली जाते आणि उरते ती चोख धार, ती हाताला लागू नये म्हणून फक्त मोडलेली, १ बाय ४५ चा चॅम्फर (तिरकी सपाट कापलेली कड) नाहीतर कानशीचे दोन हात. एकाच पार्टवर एका जागी पाच मिलिमीटरचा मऊ गोल आणि त्याच्या शेजारी अर्ध्या मिलिमीटरचा चपटा चॅम्फर. हे शेजारी-शेजारी दिसलं की बघणारा न विचारता समजतो की हे लोखंड आहे, ओतलेलं आहे, मग मशीनवर चढवलेलं आहे.

शॉपमध्ये आमच्याकडे निम्मी भाषा कानडी, तिथं काठाला अंचु म्हणतात, साडीच्या काठाला पण अंचु, शहापूरच्या मागवाल्यांचा पण तोच शब्द. विणकर जसं काठावरून साडी ओळखतो तसं हे. म्हणून पहिला प्रश्न हा, की हा काठ कुणी केला. रंध्यानं, साच्यानं, करवतीनं, बेंडिंग मशीननं, का पन्नास वर्षं पाय घासून. त्याचं उत्तर आलं की माप आपोआप येतं.

आता तुझा सोपा घेऊ.

दार. सागवानी चौकट सुतारानं रंध्यानं साफ केलेली, शेवटी कड मोडायला पॉलिश पेपरचा एक हात फिरवलेला, एवढंच. म्हणजे बाहेरच्या कडांना एक ते दोन मिलिमीटर, बास. पण आतले कोपरे, म्हणजे दिलं (दाराच्या आतल्या फळ्या) आणि चौकट जिथं मिळतात, फळीवर पट्टी जिथं ठोकलीय, तिथं गोल अजिबात नको, सुतारकामात आतला कोपरा म्हणजे दोन वेगळी लाकडं एकमेकाला टेकलेली, मधी बारीक काळी फट. तू अख्खं दार एकच मेश, म्हणजे एकच सलग जाळी, केलंयस, फळ्या, पट्ट्या, चौकट सगळं एकजीव, मग मॉडिफायरनं आतले कोपरे पण गोल केले, कारण त्याची लिमिट मेथड अँगलवर ठेवली की त्याला आतला-बाहेरचा कळत नाही, तीस अंशापेक्षा जास्त वळण दिसलं की मारला बेव्हल. लाकूड प्लास्टिकसारखं दिसतंय ते तिथून. फळ्या वेगळ्या कर, प्रत्येक फळीला स्वतःचा बेव्हल दे, मग दोन फळ्यांच्या मधी आपोआप एक व्हीसारखी खाच पडेल आणि त्यात सावली बसेल. माझं मत विचारशील तर उजेडाच्या रेघेपेक्षा ही सावलीची रेघ जास्त काम करते, पण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

उंबरा वेगळा. उंबऱ्याच्या दोन्ही टोकांना कड अजून चांगली असते, मधी पाय पडून पडून खोलगट झालेली असते. हे मॉडिफायरचं काम नाही. उंबऱ्याला मधी चार-पाच लूप कट (आडवे छेद) दे, मधल्या एज जरा खाली ओढ, प्रपोर्शनल एडिटिंग चालू ठेवून, म्हणजे आजूबाजूचा भाग पण थोडा थोडा सोबत येईल, मग बेव्हल. दाराच्या कडीच्या आसपास, हाताच्या उंचीवर पण तसंच, तिथं लाकूड जास्त गोल आणि जास्त चकचकीत, रफनेस (खरखरीतपणा) कमी. खाली पाण्यानं फुगलेलं, रेषा वर आलेल्या.

पायरी. ही तुझी साबणाची वडी. आपल्याकडं जांभ्याची पायरी असेल तर जांभा म्हणजे भोकाभोकाचा दगड, त्याची कड गोल होत नाही, कण कण सुटून तुटते. त्याला बेव्हल हे औषधच नाही. व्हॉक्सेल रिमेश करून, म्हणजे मेश बारीक सारख्या चौकोनांचा करून, स्कल्प्टमध्ये मातीकामासारखी कड हातानं टोचून काढ, वर खडबडीतपणाला डिस्प्लेसमेंट. काळ्या दगडाची असेल तर गोष्ट वेगळी, त्याची कड हात-पाय लागून गुळगुळीत होते. कधी वेळ मिळाला तर बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती हे जैन मंदिर बघून ये, १२०४ चं आहे, रट्ट राजांच्या काळातलं, आतल्या काळ्या खांबांवर लेथवर फिरवल्यासारखी कडी आहेत, एका पाठोपाठ एक. उजेड दारातून आडवा येतो तेव्हा प्रत्येक कड्याच्या धारेवर एक एक चांदीची तार दिसते, आणि जिथं लोकांचे हात लागतात तिथं ती तार जाडी होते आणि पसरते. बेव्हलची विड्थ आणि रफनेस यांचा संबंध मला तिथं उभं राहून जेवढा कळला तेवढा कुठल्या ट्युटोरियलमध्ये कळला नाही. नुसतं कामासाठी जाऊ नकोस, छतातलं कमळ पण बघ.

कपाट भिंतीतलं आहे पण दारं तू नवीन दाखवलीयस, प्लायवर सनमाइका. त्याची कड गोल नसते, चपटी असते, पीव्हीसीची एज बँड चिकटवलेली, जाडी ०.८ नाहीतर २ मिलिमीटर, ०.८ वाली जवळ जवळ चोखच दिसते आणि २ वाली ट्रिमरनं जरा गोल केलेली. म्हणजे इथं एक सेगमेंटचा (एकाच पट्टीचा) किंवा फार तर दोनचा बेव्हल, अर्धा ते दीड मिलिमीटर, पण बँडला रंग सनमाइकाच्या रंगापेक्षा एक केसभर वेगळा दे. एवढ्यानं लोक विचारतात फोटो कुठं काढला म्हणून.

आणि ते स्टीलचे पेले! पेल्याच्या तोंडाला तू बेव्हल दिलायस. बाबा, पेल्याचा काठ बेव्हल केलेला नसतो, पत्रा बाहेर वळवलेला असतो, ओठाला लागू नये म्हणून. म्हणजे तिथं छोटी नळीच आहे, आणि त्याच्या खाली वळवल्याची बारीक खाच. प्रोफाइल नीट काढून स्पिन नाहीतर स्क्रू मॉडिफायरनं फिरव, काठ जॉमेट्रीतच येऊ दे. पत्र्याच्या कुठल्याही वस्तूला हाच नियम. पत्रा वाकवताना आतली गोलाई साधारण पत्र्याच्या जाडीएवढी येते आणि बाहेरची त्यात जाडी मिळवून, म्हणजे दीड मिलिमीटरच्या पत्र्याला बाहेरून तीनच्या आसपास. कापलेली कड मात्र जवळ जवळ चोख. मिलिंग केलेला खाचा असेल तर आतले उभे कोपरे कटरच्या निम्म्या व्यासापेक्षा चोख होऊच शकत नाहीत, दहाचा कटर असेल तर पाचची गोलाई, पण तळाचा कोपरा चोख. हे तुझ्या सोप्यात लागणार नाही, पण पुढं कधी मशीनचं काम आलं तर आठवेल.

आता डाग आणि न लागलेला बेव्हल, हे ब्लेंडरचं रडगाणं.

डाग पडतात कारण शेड स्मूथ केल्यावर प्रत्येक व्हर्टेक्सचा, म्हणजे कोपऱ्याच्या बिंदूचा, नॉर्मल आजूबाजूच्या फेसचा सरासरी होतो, दाराचा मोठा सपाट फेस आणि बेव्हलचा चिमटीएवढा फेस यांची सरासरी निघून सपाट फेस कडेकडे वाकल्यासारखा शेड होतो, उशी फुगल्यासारखा. मॉडिफायरमध्ये हार्डन नॉर्मल्स चालू कर, मोठा फेस सपाटच्या सपाट राहील आणि सगळं वळण बेव्हलमध्येच होईल. किंवा बेव्हलच्या खाली वेटेड नॉर्मल मॉडिफायर लाव, काम तेच, जास्त क्षेत्रफळाच्या फेसचं जास्त ऐकायचं. जुन्या व्हिडिओत ऑटो स्मूथची टिक करायला सांगतील, ती ब्लेंडर ४.१ पासून त्या जागी नाही, शोधत बसू नकोस, हार्डन नॉर्मल्सला आता ती लागत पण नाही, साधं शेड स्मूथ पुरतं. तरी डाग राहिलेच तर फेस ओरिएंटेशन चालू करून बघ, बाहेरून लाल दिसला तर फेस उलटा आहे, एडिट मोडमध्ये सगळं सिलेक्ट करून शिफ्ट एन.

कपाटाला बेव्हल लागला नाही त्याची दोन कारणं असू शकतात आणि तुझ्याकडं बहुतेक दोन्ही आहेत. एक म्हणजे स्केल. तू क्यूब टाकून ऑब्जेक्ट मोडमध्ये ताणून कपाट केलंयस, उंची सात पट, खोली अर्धा पट, आणि कंट्रोल ए करून स्केल अप्लाय केलेलं नाहीस, मग मॉडिफायर बिचारा अजून मूळ क्यूबवरच हिशेब करतोय, एकीकडं जाडा बेव्हल एकीकडं पातळ. दुसरं म्हणजे क्लॅम्प ओव्हरलॅप, बेव्हल एकमेकात घुसू नयेत म्हणून त्यांना अडवणारी टिक. हे चालू असतं तेव्हा अख्ख्या ऑब्जेक्टमध्ये कुठंही एक जरी बारकी एज असली, किंवा दोन व्हर्टेक्स एकमेकावर बसलेल्या असल्या, तर तेवढ्या एकीमुळं सगळीकडचा बेव्हल अडतो. मर्ज बाय डिस्टन्स करून बघ, "अमुक व्हर्टेक्स काढल्या" असा आकडा आला की समज चोर सापडला. बूलियन (एका आकारानं दुसरा कापणं) मारलेलं असेल तर असल्या बारक्या एज हमखास, मी तर आता मशीनचे पार्ट सोडले तर बूलियन टाळतोच. क्लॅम्प बंद करून सुटका करून घेऊ नकोस, मग कोपरे एकमेकात घुसतात आणि काळे त्रिकोण येतात.

आणि हो, मॉडिफायर नवीन टाकल्यावर त्यात अमाउंट ०.१ मीटर असते, म्हणजे दहा सेंटिमीटर! पायरीचा साबण झाला त्याचं निम्मं कारण हेच, तू आकडा बदललाच नाहीस. युनिट मीटर असेल तर दोन मिलिमीटर म्हणजे ०.००२.

एकाच वस्तूवर वेगवेगळी मापं हवी असतील तर लिमिट मेथड वेटवर टाक आणि एडिट मोडमध्ये एजना बेव्हल वेट दे, एकला पूर्ण माप, ०.३ ला तीन दशांश, शून्याला नाही. पहिल्यांदा कंटाळा येतो पण कास्टिंगसारख्या कामाला दुसरा सोपा रस्ता मला तरी मिळालेला नाही.

सेगमेंट किती हा वाद लोक तासभर घालतात. लांबून दिसणाऱ्याला एक, हार्डन नॉर्मल्ससकट, जवळच्याला दोन-तीन, अगदी कॅमेऱ्याच्या नाकासमोर असेल तर चार. साध्या घनाला सहा फेस, एक सेगमेंट दिला की सव्वीस, दोन दिले की चोपन्न. एका पेटीला काही नाही, पण छपरावर दोन हजार कौलं असतील तर हिशेब करावा लागतो, तिथं एकच कौल नीट करून इन्स्टन्स कर, म्हणजे त्याच एकाच्या नकला ठेव. ब्लेंडरच्या सायकल्स इंजिनमध्ये रेंडर करणार असशील तर लांबच्या सामानाला बेव्हल नोड पण चालतो, मटेरिअलमध्ये नॉर्मलला जोडायचा, मेश आहे तसाच राहतो. फक्त तो उजेडालाच फसवतो, आकाराला नाही, म्हणजे बाहेरची रेषा चोखच राहते, आणि ईव्ही या दुसऱ्या इंजिनमध्ये चालत नाही, आणि रेंडर जरा हळू होतो. मी तो फळीवरच्या डब्या-डुब्यांना वापरतो, दाराला नाही.

आता येतो तुझा "किती". खरं माप कळलं की मग कॅमेऱ्याला विचारायचं. तुझ्या फ्रेममध्ये दारापाशी साधारण चार मीटर रुंदी दिसतेय आणि रेंडर १९२० पिक्सेलचं, म्हणजे एका पिक्सेलला दोन मिलिमीटरपेक्षा जरा जास्तच. दाराच्या कडेला खरं माप एक मिलिमीटर दिलंस तर ते अर्ध्या पिक्सेलमध्ये बसतं, दिसणार काय? उलट व्हिडिओ केलास तर ती रेघ लुकलुकते. म्हणून एवढ्या लांबून मी सुतारकामाला अडीच-तीन देतो, जरा खोटं, पण सव्वा ते दीड पिक्सेलची रेघ मिळते. ३८४० वर काढणार असशील तर दीड-दोन पुरे. आणि पेला एकटाच क्लोजअपला घेतलास तर मात्र खोटं बोलायचं नाही, खरं माप. सगळ्याला तीन देऊन टाकू नकोस, खोटं वाढवायचं तर सगळं त्याच पटीत वाढव, सनमाइका लाकडापेक्षा चोख आणि लाकूड पायरीपेक्षा चोख हा क्रम मोडला की परत खेळणं.

उजेडाचं एक राहिलं. तुझ्या सीनमध्ये चारही बाजूनी सारखा पांढरा उजेड आहे, पावसाळ्यातल्या खानापूरसारखा, असल्या उजेडात खऱ्या घरातल्या कडा पण दिसत नाहीत तर तुझ्या काय दिसणार. दार उघडं ठेव, बाहेरून एक एरिया लाइट तिरका आत सोड, आतली बाजू काळोखी होऊ दे, घाबरू नकोस. मग बेव्हल दहा मिनिटं बंद-चालू करून बघत बस. कुठल्या कडा बोलतात आणि कुठल्या नुसत्याच फेस वाढवतात ते कळेल, न बोलणाऱ्यांचा बेव्हल सरळ काढून टाक.

ते एज वेअरचं, म्हणजे प्रत्येक कडेचा रंग उडालेला दाखवायचं, त्याच्या मागं आत्ता लागू नकोस. लोक प्रत्येक कडेला ओरखडे मारून ठेवतात, घर आहे का भंगारचं दुकान कळत नाही. रंग तिथंच उडतो जिथं हात, पाय, बादली लागते.

करताना आधी फक्त दार, उंबरा आणि एक पेला एवढंच नव्या फाइलमध्ये घेऊन कर, ते जमलं की बाकीचा सोपा दोन दिवसांचं काम आहे. आणि भिंतीला खुंटी विसरलायस. खानापूर भागातल्या सोप्यात खुंटी नाही आणि खुंटीवर ओलं इरलं नाहीतर छत्री नाही, असं घर मी तरी अजून बघितलेलं नाही, आजीला विचार, कुठल्या बाजूला होती ते त्याच सांगतील.